डिंकाला दोष

“घ्या हे तुमचं औषध!” असं किंचाळत अर्पितानं डिंकाची बरणी उचलली आणि अंगणातल्या फरशीवर दाणकन आपटली!

काचा उडाल्या. पांढुरके खडे पायरीपासून पार नळापर्यंत विखुरले. बयनाबाई फाटकातच उभी होती. दवाखान्यातून भावाचे मळके कपडे धुवायला म्हणून ती घेऊन आली होती, आणि ते बोचकं काखेत तसंच धरून ती भावजयीच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली... जिच्या बाळंतपणात आपण रात्रंदिवस राबलो, जिच्या लेकीला अंगाखांद्यावर वाढवलं, ती अर्पिता आज आपल्यावर अशी चवताळून आली आहे, हे तिला खरंच वाटेना!

“काय झालं वं अर्पिता? काऊन फोडली बरणी?”

“मले इच्यारता काय झालं म्हणून? कपाटात, कपड्यांच्या मागं, बीपीच्या गोळ्यांची पाकिटं तशीच्या तशी पडून हायेत! एक फोडलं नाई त्यांनी! डॉक्टर म्हणतात, गोळी बंद केल्यानं मेंदूत रक्त साकळलं... कोणं बंद करायला लावली त्यांना गोळी? सांगा नं ताई, कोणं?”

“मले काय ठाऊक? मी तं रोज इच्यारत होती, धम्मा, गोळी घेतली काय म्हणून. हो म्हणे तो!”

“खोटं! डिंकाच्या वेळेला गोळी नको, डिंकाच्या वेळेला गोळी नको, हेच तं घोकत होत्या तुमी!”

“अवं, ते डॉक्टर म्हणे! दोहीच्या मधात अंतर ठेवा म्हणे...”

“आन् गल्लीभर कोण सांगत फिरत होतं? माह्या डिंकानं माह्या भावाचं बीपी उतरलं, असं कोण सांगत होतं? तेही डॉक्टरच सांगत होते काय?”

यावर मात्र बयनाबाईनं मान खाली घातली. कारण हे ती बोलली होती! नळावर बोलली होती, विहाराच्या पायरीवर बोलली होती, आदिलाबादच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगितलं होतं. कौतुकानं, अभिमानानं सांगितलं होतं. तेच कौतुक आता दोरासारखं तिच्या गळ्यात पडलं.

कुंपणापलीकडून शेजारणी बघत होत्या. त्यांच्यातली एक दुसरीच्या कानाशी लागली, आणि ‘भावाले पांगळा केला माय बहिणीनं’ एवढे शब्द बयनाबाईच्या कानावर स्पष्ट आले. तिच्या मस्तकात तिडीक गेली! पण बोलायचं कुणाला आणि काय? घरचा कर्ता माणूस दवाखान्यात निपचित पडलेला, उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली... अशा वेळी अंगणात उभं राहून भांडायचं?

ती खाली बसली आणि काचांमधून डिंकाचा एकेक खडा वेचू लागली. अर्पितानं तोही वेचू दिला नाही. झाडू आणून सगळं नालीत लोटलं.

तो डिंक होता तरी काय? कांडोळाचा. डोंगरात कातळावर उभं असतं ते पांढऱ्या सालीचं झाड. बाजारात तेलुगू लोक त्या डिंकाला तपसी बंका म्हणतात. चिमूटभर पाण्यात टाकला की फुगून वाटीभर होतो. धम्मपालला बीपी निघालं तेव्हा बयनाबाईनं डॉक्टरांना स्वतः विचारलं होतं, “साहेब, हे त्याले देऊ काय?” डॉक्टर हसून म्हणाले होते, “द्या की. पोट साफ राहील, चरबी जरा कमी होईल, थोडीफार मदत होईल. पाणी भरपूर पाजा आणि गोळीच्या वेळेला देऊ नका. पण बाई, गोळी ती गोळी. ती चुकवायची नाही.” तेव्हापासून धम्मपाल शाळेतून आला की आधी त्याच्या हातात डिंकाचा पेला, आणि गोळी दिवेलागणीला. शाळेत शिकवताना गोळीचा त्रास नको म्हणून डॉक्टरांनीच ती संध्याकाळची ठरवून दिली होती. डिंक बयनाबाई पाजत असे. गोळी तो आपली आपण घेत असे. मोठा माणूस, शाळेचा मास्तर! त्याचा जबडा उघडून का बघायचं होतं तिनं?

आणि त्याच डिंकाला आज ही बाई विष म्हणत होती! अगं, त्या डिंकानं तुझ्या नवऱ्याला मास्तर केला, हे तुला कुठं माहीत आहे? आई गेली तेव्हा धम्मा रांगत होता, बाप त्याआधीच गेलेला. बयनाबाईनं दुसरीतच पाटी ठेवली आणि हातात कुऱ्हाड घेतली. उन्हाळ्यात डोंगर चढायचा, कांडोळाच्या खोडाला बेतानं खाच पाडायची, चार दिवसांनी जाऊन गोठलेला डिंक उतरवायचा, आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात निंदायला जायचं. किनवटचं स्थळ चालून आलं होतं. चांगलं होतं. मुलानं तिला बघून पसंत केली होती, तिनंही पदराआडून त्याला बघून घेतलं होतं... पण धम्माला कुणाच्या पदरात टाकून जायचं? तिनं नाही म्हणून सांगितलं, आणि त्या नकाराचा उच्चार पुन्हा आयुष्यात केला नाही!

त्या संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. धम्मपाल खाटेवर पडला होता, तोंड एका बाजूला ओघळलेलं. ती त्याच्या कानाशी वाकली.

“धम्मा, मी तुले गोळी सोड म्हणली होती काय? बोलता येत नसन तं नको बोलू. डोळ्यानं सांग. अर्पिता इथं उभी हाय, तिले डोळ्यानं नाई म्हण फक्त...”

धम्मपालनं तिच्याकडे बघितलं. क्षणभर त्याच्या नजरेत काहीतरी तरळलं. आणि मग त्यानं डोळे मिटून घेतले.

“बघा!” अर्पिता म्हणाली. “बघा ताई, तुमच्याकडं पाहवत नाई त्यांना! आता आमच्या घरात राहू नका!”

बयनाबाईचं काळीज चिरत गेलं! पण तिनं मनाची समजूत घातली. लेकराला भान नाही. वाचा नाही, ताकद नाही, त्याला काय कळणार आपण काय विचारतो ते? वाचा आली की तो सांगेल. धम्मा आपला आहे. धम्मा सांगेलच...

दुसऱ्या दिवशी दोन लुगडी पिशवीत भरून ती गुडीहत्नूरच्या बसमध्ये बसली. हायवेपासून आत, त्यांच्या जुन्या गावी, बापाचं दोन खोल्यांचं मातीचं घर अजून उभं होतं. तिथं तिनं चूल मांडली.

पण बदनामी तिच्या आधीच बसनं गावात येऊन बसली होती! ज्या बायका तिला हाक मारून मारून डिंक मागायच्या, त्या आता तिच्या हातचा चहासुद्धा ‘आत्ताच पिली’ म्हणून टाळू लागल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, “बयनाबाई, भाऊ आता मरून गेला असता तं?” बयनाबाईनं हातातली कळशी तिथंच खाली ठेवली, त्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, “तं मीही मेली असती. पण तुले उत्तर देऊन मेली असती!” आणि कळशी न भरताच घरी आली. घरी येऊन मात्र ती भिंतीला डोकं टेकून रडली, आणि रडता रडता आपलाच राग आला म्हणून उठून भांडी आपटत घासत बसली.

दिवस जात होते. रोज ती एकाच गोष्टीची वाट बघत होती. धम्माची जीभ सुटू दे. एकदा सुटू दे फक्त!

मग हर्षालीचा फोन आला. हर्षाली धम्मपालची लेक, मंचेरियलला नोकरीला होती. आत्यावर तिचा जीव. घरात आत्याला बोल लागले तेव्हा ती तिथं नव्हती, आणि नंतर आईशी भांडायची तिची हिंमत झाली नाही. आज मात्र तिचा आवाज नुसता नाचत होता.

“आत्या! बाबा बोलून राह्यले! सारं बोलतात, हळू बोलतात पण साफ कळते! अवं, महिना झाला, मी तुले सांगनच म्हणत होती... आन् ऐक नं, पौर्णिमेले वर्षावासाचं समापन हाय, तं ग्रंथाचं शेवटचं पान तेच वाचणार हायेत! साऱ्या विहारानं राखून ठेवलं त्यांच्यासाठी!”

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा तो धम्मपालच. बयनाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सुटली! लेकराची जीभ सुटली! तिनं मनातल्या मनात तथागताला हात जोडले... आणि जोडलेले हात तसेच राहिले.

“हर्षाली... महिना झाला म्हणते?”

“हो नं.”

“मग माह्याबद्दल काई बोलला काय तो? तुह्या आईले काई सांगितलं काय?”

हर्षाली चाचरत म्हणाली, “आत्या, आईनं तुह्यं नाव काढलं की ते... ते उठून आतमधी जातात.”

उठून आतमधी जातात! बयनाबाईनं फोन ठेवला. वाचा नव्हती तोवर तिनं माफ केलं होतं. पण वाचा आली, दूधवाल्याशी बोलून झालं, शेजाऱ्याशी बोलून झालं, आणि बहिणीसाठी एक वाक्य निघालं नाही त्या तोंडातून? दवाखान्यात मिटलेले ते डोळे! ते बेशुद्धीनं मिटले नव्हते. त्यानं ते मिटून घेतले होते!

“थांब बेट्या,” ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. “तू पान वाचणार नं सगळ्यांसमोर? मीही येते. तू सांगत नाई तं मी सांगते.”

पौर्णिमेला दुपारीच ती आदिलाबादला उतरली. पांढरं लुगडं नेसली होती. विहाराच्या आवारात अजून फारसं कुणी जमलं नव्हतं. खिरीच्या पातेल्यांचा वास येत होता, आत चंपत सतरंज्या अंथरत होता. चंपत म्हणजे विहाराचा जुना उपासक. धम्मपाल पडल्यापासून ग्रंथ तोच अडखळत वाचत आला होता. बयनाबाई आत गेली नाही. तिला कुणाचा जयभीम नको होता, कुणाची कीव नको होती. ती बोधिवृक्षाच्या कट्ट्यामागं सावलीत बसून राहिली. तो येऊन माईकसमोर बसू दे, मग उठायचं, असं तिनं ठरवलं होतं.

उन्हं कलली, माणसं आत जमू लागली, आणि मग ऑटो थांबली. अर्पिता उतरली, मग काठी, मग धम्मपाल. पांढरा सदरा, पांढरी पँट. किती वाळला होता! बयनाबाईला माया दाटून आली, आणि त्या मायेचाच तिला संताप आला.

अर्पितानं पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली उघडली. “माह्यासमोर घ्या. आता मी कोणावर भरोसा नाई ठेवत.” धम्मपालनं गोळी तोंडात टाकली, घोटभर पाणी प्यायला, मान हलवली. अर्पिता खिरीचा डबा घेऊन आत गेली.

धम्मपालनं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. काठी टेकत आवाराच्या नळाशी गेला, वाकला... आणि थू करून काहीतरी मातीत थुंकला!

बयनाबाई जागची उठली.

तीच मान! तोच चोरटा डोळा! लहानपणी ताप आला की हाच धम्मा कडू गोळी गालात दाबून ठेवायचा, ‘गिळली बाई’ म्हणायचा, आणि बहिणीची पाठ वळली की चुलीच्या राखेत थुंकायचा. राख उकरून ती गोळी शोधून काढायची, त्याचा जबडा धरायची आणि रडत रडत पुन्हा गिळायला लावायची.

ती नळाशी गेली. मातीत अर्धी विरघळलेली गुलाबी गोळी पडली होती. तिनं ती चिखलासकट तळहातावर घेतली, आणि कपाटातली न फोडलेली पाकिटं तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली.

“धम्मा!”

तो एवढा दचकला की काठी पडली. “बाई...? तू... कवा आली?”

“हे काय हाय?”

धम्मपालचं तोंड पांढरं पडलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या तोंडून जे शब्द निघाले त्यांनी बयनाबाईच्या उरल्यासुरल्या संयमाची राख झाली!

“बाई... हळू... हळू बोल. लोक... ऐकतीन.”

“हळू बोलू? मी हळू बोलू?” ती कडाडली. “माह्यी बदनामी झाली ते हळू झाली काय रे? साऱ्या आदिलाबादले ऐकू गेली, गुडीहत्नूरले ऐकू गेली! माह्या हातचं पाणी पीत नाई कोणी! भावाले विष घालणारी म्हणतात मले! आन् तू हळू बोल म्हणते?”

विहारातून माणसं धावत बाहेर आली. अर्पिता आली, तिच्यामागं, मंचेरियलहून सकाळीच येऊन विहारात कामाला लागलेली हर्षाली आली. चंपत पुढं झाला, “बयनाबाई, शांती ठेवा. विहार हाय हे.”

“चंपतभाऊ, शांतीच ठेवली म्या इतले दिवस! आता तुमी जरा ठेवा!” तिनं तळहात सगळ्यांसमोर धरला. “पाहून घ्या. अर्पिता, पाह्य नं इकडं. आत्ता तुह्या हातानं दिलेली गोळी हाय हे! तू आत गेली आन् यानं थुंकली! सांग आता, आजची गोळी कोणं सोडवली? मी होती काय घरी? डिंक होता काय?”

अर्पितानं गोळीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. “काऊन?” ती एवढंच म्हणाली.

धम्मपाल बोधिवृक्षाच्या कट्ट्यावर बसला. बसला कसला, कोसळला! आणि खाली मान घालून, एकेक शब्द ओढून काढत बोलू लागला.

“गोळीनं... लघवी लागते. सारखी. वाचता वाचता... मधातून उठावं लागे. सारे जण बसून हायेत... भगवंताचं वचन चालू हाय... आन् मी उठून जातो. पोट्टे हासत. म्हणून एक दिवस... रोखून धरली.” त्यानं डाव्या हातानं सदऱ्याचं टोक धरलं. “नाई राह्यली. पँट... ओली झाली. ग्रंथासमोर... बसल्या बसल्या.”

त्यानं तोंड पुसलं.

“सारे गेले तरी... बसून राह्यलो. ध्यान करतो म्हणलो.”

बयनाबाईला तो दिवस आठवला! वर्षावास नुकताच बसला होता. धम्मा उशिरा घरी आला होता, पँट नळावर धुतलेली, ‘पाणी सांडलं’ म्हणाला होता. तिनं ती पँट वाळत घातली होती आणि पुन्हा विचार केला नव्हता.

“त्या दिवसापासून... गोळी सोडली. म्हणलं तीन महिन्यांचा तं प्रश्न हाय. बाईचा डिंक हाय. बाई म्हणते... डिंकानं उतरलं...”

“ते माह्यं चुकलं,” बयनाबाई तोडून म्हणाली. “मिरवलं म्या. डिंक मदत करते, गोळीची जागा घेत नाई, हे डॉक्टर बोलले होते, तुह्यासमोरच बोलले होते. तरी मी मिरवलं. माह्यं मी कबूल करते. तुह्यं सांग. वाचा आल्यावर काऊन नाई बोलला?”

“काय सांगू?” धम्मपाल एकदम हुंदका देऊन रडू लागला. “सांगितलं असतं तं... काऊन सोडली, हेही सांगा लागलं असतं. मास्तर हावो मी... लोक काय म्हणतीन... मास्तरनं विहारात...”

“म्हणून माह्यं नाव दिलं?”

तिचा आवाज आता चढलेला नव्हता. तो इतका खाली आला होता की मागचे लोक पुढं सरकले.

“इतलुशी लाज होती रे तुह्यी! बोटभर! एक पँट ओली झाली म्हणून! आन् ते झाकायला तू माह्या साऱ्या जन्माची अब्रू पांघरली? अरे, माय मेली तवा तू रांगत होता! तुह्ये लंगोट या हातानं धुतले! माह्या मांडीवर किती वेळा ओला झाला तू, म्या मोजलं काय कधी? कोणाले सांगितलं काय? मले येऊन कानात सांगितलं असतं, बाई, असं असं झालं... तुले घेऊन डॉक्टरकडं गेली असती मी! गोळीची वेळ बदलून दे म्हणलं असतं! मी बोलली असती, तुले तोंडही उघडा लागलं नसतं! डॉक्टरले सांगायची लाज, बायकोले सांगायची लाज, मले सांगायची लाज... आन् मले घरातून काढताना लाज नाई वाटली?”

धम्मपाल कट्ट्यावरून खाली घसरला आणि डाव्या हातानं तिचे पाय धरू लागला. “बाई... मले मार. मार मले... पण...”

अर्पिताही धाय मोकलून रडत पायाशी आली. “ताई, मी पापीण! मी तुमची बरणी फोडली, तुमाले घराबाहेर काढलं... मले माफ करा ताई!”

पूर्वीची बयनाबाई असती तर दोघांना उराशी धरून ‘जाऊ द्या रे लेकरांनो’ म्हणाली असती. आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती. पण आज तिनं पाय मागं घेतले.

“उठा. माफी आज मागू नका, आज मी देणार नाई. मले राग हाय. लय राग हाय! तो एका घटकेत जाणार नाई, आन् गेला असं मी खोटं बोलणार नाई.” तिनं डोळे पुसले, रागानंच पुसले. “अर्पिता, दुसरी गोळी हाय काय पर्समधी?”

अर्पितानं पाकीट काढलं.

“दे त्याले. हर्षाली, पाणी आण.”

धम्मपालनं गोळी घेतली. पाणी प्यायला. बयनाबाई पुढं झाली, त्याची हनुवटी धरली आणि म्हणाली, “तोंड उघड.”

“बाई, लोक...”

“उघड म्हणते नं!”

साऱ्या विहारासमोर, आयुष्यभर पोरांना शिकवलेल्या त्या मास्तरनं तोंड उघडलं. बयनाबाईनं त्याच्या गालात बोट फिरवून बघितलं, जिभेखाली बघितलं. कुणीतरी बाई हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडू लागली. हर्षालीनं आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

“गेली पोटात,” बयनाबाई म्हणाली. “आता चाल, वाच.”

“मधात... उठा लागलं तं?”

“तं उठ! आमी कुठं पळून जातो? तथागतालाही देहच होता रे. बसतो आमी.” मग ती लोकांकडं वळली. “काय हो? बसणार नं?”

“बसणार!” चंपतनं सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं. त्याचे डोळे ओले होते. “सर, पाह्यजे तं चार वेळा उठा!”

मेणबत्त्या लागल्या. बाबासाहेबांच्या फोटोला हार चढला, भगवंताच्या मूर्तीसमोर फुलं ठेवली गेली, त्रिशरण झालं. धम्मपाल ग्रंथासमोर बसला. पूर्वीचा तो भरदार आवाज आता नव्हता. शब्द जड पडत होते, जोडाक्षरांशी जीभ अडत होती. पण तो उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन ओळीवर बोट ठेवून वाचत होता, आणि माणसं कान देऊन ऐकत होती. बयनाबाई अगदी पुढं, मूर्तीच्या बाजूला बसली होती. अर्पिता तिच्यापासून हातभर मागं बसली होती. जवळ येऊन बसायचा तिला धीर झाला नव्हता, आणि बयनाबाईनं तिला बोलावलंही नव्हतं.

पान अर्ध्यावर आलं आणि धम्मपाल थांबला. त्यानं वर बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. कशासाठी थांबला ते सगळ्यांना कळलं.

त्यानं बहिणीकडं बघितलं. तिनं मानेनंच ‘जाय’ म्हटलं.

तो काठी घेऊन उठला. अर्पिता हात द्यायला उठू लागली तर त्यानं नको म्हणून खूण केली, आणि सगळ्यांच्या मधून, एकेक पाऊल टाकत, बाहेर गेला. कुणी खाकरलं नाही. कुणी कुजबुजलं नाही. एक लहान पोर खुदकन हसलं, तर त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

पंख्याच्या वाऱ्यानं ग्रंथाचं पान फडफडू लागलं. उलटणार, असं दिसताच बयनाबाई गुडघ्यांवर पुढं सरकली. धम्माचं बोट कुठं होतं ते तिनं नीट बघून ठेवलं होतं. तिथंच, त्याच ओळीवर तिनं आपलं बोट टेकवलं. कुऱ्हाडीनं आणि डिंकानं चिरा पडलेलं, राकट झालेलं ते बोट! त्या बोटाखाली काय लिहिलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. दुसरीत पाटी ठेवली तेव्हापासून अक्षरांशी तिचा संबंध उरला नव्हता. पण जागा तिनं सोडली नाही.

धम्मपाल परत आला. सतरंजीवर बसायला वाकला, तेव्हा त्याला ते बोट दिसलं. तो तसाच, अर्धा वाकलेला, त्या बोटाकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं.

“रडू नको, पान भिजन,” बयनाबाई म्हणाली. राग अजून तिच्या आवाजात होताच. “इथं थांबला होता तू. वाच पुढं.”